नागपूर: एका पोकळीचं उद्घाटन

मानवजातीच्या वाटचालीत काही दिवस असे उगवतात, की त्यानंतर माणूस आणि रोग यांचं नातं पूर्वीसारखं राहत नाही. असा एक दिवस गेल्या डिसेंबरात नागपुरात उगवला आणि मी तिथे हजर होतो. तो सकाळी अकराला उगवायचा होता. मान्यवर दुसऱ्या एका कार्यक्रमात अडकल्यामुळे तो सव्वा वाजता उगवला. तोवर पहिल्या तीन रांगांना दोनदा चहा मिळाला होता. त्यामागच्या रांगांना पाणी होतं.

वरचं पहिलं वाक्य निमंत्रणपत्रिकेतलं आहे. मला तसं लिहिता येत नाही.

मंगळवार

मी साताऱ्याचा. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालो, आणि आता दवाखान्यांची कागदपत्रं मराठीत आणून देतो. नव्या उपचाराची माणसांवर चाचणी घ्यायची, तर त्या माणसाला त्याच्या भाषेत सगळं सांगून संमती घ्यावी लागते. ते सांगणारं माहितीपत्रक मी लिहितो. एरवी काम घरी येतं आणि घरूनच परत जातं. या वेळी नागपूरच्या एका रुग्णालयाने मलाच बोलावून घेतलं, कारण तिथल्या नीतिसमितीने एक अट घातली होती. पत्रक रुग्णाला वाचून दाखवायचं, आणि मग रुग्णाने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. त्याला सांगता आलं नाही, तर दोष पत्रकाचा. चाळीस वर्षं शाळेत मी याच्या नेमकं उलट मानत आलो होतो, म्हणून ही अट मला फार आवडली.

स्टेशनवर नीलिमा घ्यायला आली होती. ही नागपूरजवळच्या कुहीकडची मुलगी, चाचणीची समन्वयक. म्हणजे काम सगळं तिचं, आणि फलकावर नाव नाही. रुग्णालयाच्या फाटकासमोर तिने मला पोह्यांच्या गाडीवर नेलं. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू येतं. इथे त्यांवर लालभडक तर्री ओततात, वर हरभरे, आणि मग तुमच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहतात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आणखी देऊ का काका?" गाडीवाल्याने विचारलं.

"त्याहिले पुरे," नीलिमा म्हणाली. "ते सातारचे आहेत."

"म्हंजे पुन्याचेच ना," तो म्हणाला, आणि माझ्या बशीवर थोडे कोरडे पोहे टाकले. नागपूरकरांच्या नकाशात अकोल्याच्या पलीकडे पुणं आणि मग समुद्र आहे, हे मला पुढे आठवडाभर कळत गेलं.

शहर पाहुण्यांनी भरलं होतं. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. या काळात राज्यातली सगळी मोठी माणसं इथे सापडतात, म्हणून वर्षभर तुंबलेली उद्घाटनं याच दिवसांत उरकून घेतात. पूल, पाणपोया, व्यायामशाळा. आमच्या रुग्णालयानेही 'जनुक उपचार कक्ष' शनिवारसाठी लावून टाकला होता.

उपचार ऐकायला अवघड वाटतो, पण आहे सरळ. फुप्फुसाभोवती दुपदरी आवरण असतं. एक पदर फुप्फुसाला धरून, दुसरा बरगड्यांना धरून. दोन पदरांमध्ये पोकळी असते, अगदी नाममात्र. या आवरणाचा एक कर्करोग आहे. त्यात पोकळीत पाणी भरत राहतं आणि माणसाला धाप लागते. उपचारात एका विषाणूची रोग पसरवण्याची ताकद काढून घेतात, त्याच्या पाठीवर एक जनुक लादतात, आणि नळीतून त्याला या पोकळीत सोडतात. आवरणाच्या पेशी ते जनुक घेतात आणि स्वतःच औषध तयार करू लागतात. शरीराच्या पहारेकऱ्यांना त्यामुळे जाग येते, अशी आशा. आशा हा शब्द मी पत्रकात मुद्दाम ठेवला होता. विभागप्रमुखांनी तो खोडून 'खात्री' केला होता, आणि नीतिसमितीने पुन्हा 'आशा' केला होता.

बुधवार

पहिला रुग्ण म्हणून निवडलेले गृहस्थ मोरेश्वरजी. वय साठीच्या आतबाहेर, अंगाने काटक, उजव्या बरगडीतून एक बारीक नळी बाहेर आलेली आणि तिला पिशवी. शहराला लागून वाडीला, अमरावती रोडवर सिमेंटच्या पत्र्यांचं एक मोठं गोदाम आहे. तिथे त्यांनी तीस वर्षं पत्रे कापले. गिऱ्हाइकाला पाहिजे त्या मापाचे, करवतीने, कोरडे. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ छातीत जाऊन बसते आणि कित्येक वर्षांनी उठते.

"मालक म्हन्ते बिडीनं झालं," मोरेश्वरजी म्हणाले. "मी जिंदगीत बिडी ओढली नाई. मालकच ओढते. त्याले काही होऊन नाई राहिलं."

"तुमी बोलू नका वं जास्त, दम लागते," असं म्हणत त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई पिशवी सरळ करत होत्या. इकडे 'वं' बाईला म्हणतात, म्हणून नवऱ्याला त्या 'वं' म्हणाल्या हे ऐकून मी दचकलो. मग कळलं, त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना म्हणाल्या होत्या. त्या बाईंनाही दम होता.

दोन तास मी पत्रक वाचलं. मोरेश्वरजी सातवी शिकलेले, पण ते असे ऐकत होते, की मला माझी वाक्यं लांब वाटू लागली. नवव्या पानावर एक अट होती: 'उपचारासाठी फुप्फुसाभोवतीची पोकळी मोकळी असणे आवश्यक आहे. पोकळी चिकटून बंद झालेली असल्यास औषध देता येत नाही.' इथे त्यांनी मला थांबवलं.

"हे पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"आता माह्याकडून आयका," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, पण मध्ये खोकला आला. पाणी पिऊन होईपर्यंत शकुंतलाबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांचं माहेर काटोलचं.

"भाऊ, हे संत्र्यासारखं आहे. आपल्या संत्र्याची साल सुटी राहते. साल अन् आतल्या फोडी, मधात जागा. त्या जागेत हे लोक औषधाचा किडा सोडतीन. सालीले अन् फोडीले, दोन्हीले औषध लागन. पन मोसंबी आसन तं? तिची साल चिकटेल राहते. जागाच नाई. तिथी काय सोडतीन, कप्पाळ?"

मी वही मिटली. बारा पानांत मला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते बाईंनी एका फळात सांगितलं होतं. त्या जागी पत्रकात मी फुग्याचं उदाहरण दिलं होतं.

"समजलं ना मग?" मी मोरेश्वरजींना विचारलं.

"समजलं. अन् हेबी समजलं का याच्यानं बरा होईनच असं नाई. आशा लिहिली आहे तुमी. दुसऱ्या औषधानं जमलं नाई, आता हा एकच रस्ता आहे. एक-दोन वर्सं भेटली तं एक काम आहे माह्यं. माह्या घरावर तेच पत्रे आहेत. मीच कापले, मीच चढवले. फुटून राहिले आता. ते उतरवतो, मंग पाह्यतो."

"माह्या पत्र्याची फिकर नका करू," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"तूच झाडतं ना त्याच्या खाली रोज."

ते सही करायला निघाले, तेव्हा नीलिमाने थांबवलं. सोमवारी सोनोग्राफी, त्यात पोकळी मोकळी दिसली की मग सही. औषध त्यानंतर.

गुरुवार

या दिवसाबद्दल मला स्वतःची लाज वाटते.

विभागप्रमुखांच्या कार्यालयाने मला गाडी दिली आणि 'पाहुण्यांना काटोल दाखवा' असं चालकाला सांगितलं. मी खूष होऊन गेलो. काटोलच्या फळबाजारात संत्र्यांचे ढीग कमरेपर्यंत होते. एक व्यापारी ढिगातून फळ उचलून, अंगठ्याने दाबून, न बोलता बाजूला टाकत होता. शेतकरी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. मला त्याने एक फळ सोलून दिलं. साताऱ्यात जे नागपूरचं संत्रं म्हणून मिळतं, त्याच्याशी या फळाची फक्त आडनावाची ओळख असावी.

नीलिमाही त्या दिवशी वॉर्डात नव्हती. तिला निमंत्रणपत्रिका वाटायला पाठवलं होतं. आमदार निवास, विश्रामगृह, पुन्हा आमदार निवास. रुग्णालयात चाचणीचे नियम ज्या दोन माणसांना पाठ होते, त्यांतला एक संत्री खात होता आणि दुसरी सुरक्षारक्षकांना पास दाखवत होती.

शुक्रवार

सकाळी मोरेश्वरजी खाटेवर टेकून बसले होते. दाढी केलेली, खोकला नाही, आणि नळीही नाही.

"अरे वा!" मी म्हणालो. हे दोन शब्द मी अजून परत घ्यायला बघतो आहे.

"बरं वाटते," ते म्हणाले. "काल सगळं पानी काढलं. मंग पांढरी पावडर घोळून टाकली आत. लई आग झाली बाप्पा. रात्रभर या कुशीवर, त्या कुशीवर. आता नळी काढली. डॉक्टर म्हने, आता पानी भरनार नाई, दोन्ही पदर चिकटून जातीन." मग ते माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर, एक इचारू? चिकटले तं मंग औषध कुठी टाकतीन?"

शकुंतलाबाई त्यांचं तोंड बघत होत्या.

"मोसंबी केली ना माही?" ते म्हणाले.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरला मी गाठलं. तो चांगला मुलगा होता. आधी ते कबूल केलं पाहिजे. शंखजिऱ्याची ती पांढरी पूड घालून पदर चिकटवणं, हा अशा पाण्यावरचा उत्तम उपाय आहे. पुस्तकात तसंच आहे आणि त्याने तो नीट केला होता. विभागप्रमुखांच्या कार्यालयातून त्याला फोन आला होता: 'हा पेशंट शनिवारी मंचावर बसणार आहे. खोकला नको, पिशवी नको. कायमचं काहीतरी करा.' त्याने कायमचं केलं. हा कोणत्या मंचावर आणि कशासाठी बसणार आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चाचणीची फाइल दुसऱ्या इमारतीत नीलिमाच्या कपाटात होती, आणि नीलिमा आमदार निवासात.

"मी विचारायला पाहिजे होतं," तो म्हणाला. त्या आठवड्यात त्या इमारतीत हे वाक्य म्हणणारा तो एकटाच.

विभागप्रमुख सजावटवाल्याबरोबर होते. टेबलावर झेंडूचे तीन नमुने मांडलेले. मी आणि नीलिमा उभे राहिलो.

"सर, मोरेश्वरजींची पोकळी बंद केली आहे," नीलिमा म्हणाली. "ते आता चाचणीत बसू शकत नाहीत."

"सोमवारी सोनोग्राफी आहे ना? मग सोमवारी बघू. हा केशरी जास्त भडक वाटतो का?"

"सर, पान नऊवर स्पष्ट लिहिलं आहे," मी म्हणालो.

"पान नऊ कोण वाचतं हो?"

"मोरेश्वरजींनी दोनदा वाचून घेतलं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही भाषेचे ना?"

"हो."

"मग भाषण बघून द्या माझं. काही राहिलं असेल तर."

पाच पानांचं भाषण होतं. त्यात 'रुग्ण' हा शब्द नव्हता. मी ते तसंच परत केलं. हे धैर्य वगैरे नव्हतं. खरं तर ओरडायला हवं होतं, आणि मला कधीच ओरडता येत नाही.

शनिवार

मंचावर थर्मोकोलची फुप्फुसं होती. डावं उजव्यापेक्षा मोठं केलं होतं. निसर्गात ते उलटं असतं, पण डावीकडे मान्यवरांची खुर्ची होती. समई, शाल, श्रीफळ आणि सात खुर्च्या, सातही मखमली. आठवी प्लास्टिकची, कडेला. तीवर मोरेश्वरजी. छातीवर बिल्ला: 'लाभार्थी क्रमांक १'.

मी त्यांना आदल्या संध्याकाळी म्हणालो होतो, "जाऊ नका मंचावर."

"काहून नाई? मले बोलावलं आहे. मी जातो अन् इचारतो."

विभागप्रमुखांनी सांगितलं की विदर्भ आता जगाच्या नकाशावर आला. मान्यवरांनी सांगितलं की लहानपणी त्यांनाही फार खोकला होता, आणि आजीने अडुळशाने घालवला. मात्र विज्ञानालाही त्यांचा पाठिंबा आहे. मग निवेदिकेने, बहुधा वेळापत्रकात होतं म्हणून, जाहीर केलं की लाभार्थी दोन शब्द बोलतील.

मोरेश्वरजी उठले. माइक तोंडाजवळ धरायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं. सभागृहातल्या पुष्कळांना नव्हतं.

"साहेब, नमस्कार. माह्या छातीत औषध टाकाची जागा होती. ते जागा गुरुवारी बुजवून टाकली. म्हून मी आज खोकलत नाई. तं मले इतकंच इचाराचं आहे, का आता औषध कुठी टाकता?"

मान्यवरांनी टाळ्या वाजवल्या. मान्यवरांनी वाजवल्या म्हणून मखमली खुर्च्यांनी वाजवल्या, मग पहिल्या तीन रांगांनी, मग पाणी प्यायलेल्या रांगांनीही. निवेदिका म्हणाली, "किती भावपूर्ण मनोगत!" विभागप्रमुखांनी त्यांच्या अंगावर शाल पांघरली आणि माइक काढून घेतला.

मोरेश्वरजी उत्तराची वाट बघत तसेच उभे राहिले. शेवटी एका शिपायाने त्यांना दंडाला धरून बसवलं.

मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत. शाळांच्या स्नेहसंमेलनांत चाळीस वर्षं काढली आहेत. ज्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, त्यावर टाळ्या वाजवता येतात, हे मला त्या दुपारी कळलं. नंतर जेवण होतं. पुडाची वडी होती, आतून कोथिंबिरीने गच्च भरलेली, आणि उत्कृष्ट होती. हेही लिहिलं पाहिजे, कारण रागाने माझी भूक गेली नव्हती, आणि त्याचा मला आणखी राग आला.

सोमवार

सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी उजवी बाजू तीनदा तपासली. पोकळी नव्हती. "काम छान झालंय," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं आम्ही त्याचसाठी आलो आहोत.

मग कार्यालयात एक फॉर्म निघाला. रुग्ण चाचणीतून बाहेर पडला तर कारण लिहावं लागतं. कारकुनाने ते आधीच टाइप करून ठेवलं होतं: 'रुग्णाने स्वेच्छेने माघार घेतली.' त्याने पेन पुढे केलं.

"इथं सही करा काका. फॉर्म्यालिटी आहे."

मोरेश्वरजींनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि वाचलं. मग पेन टेबलावर ठेवलं.

"मी माघार घेतली नाई."

"अहो, सगळ्यांचं हेच लिहितो आम्ही."

"सगळ्याहिची जागा बुजवता का तुमी?"

"काका, कशाले वाद घालून राहिले? तुमाले बरं वाटते ना आता?"

"वाटते. म्हून खोटं लिहू का?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या मास्तरनं मले वाचून दाखवलं, पान दोनवर. समजल्याबिगर सही कराची नाई. मले समजलं आहे. म्हून करत नाई."

कारकुनाने विभागप्रमुखांना फोन लावला. तिकडून बराच वेळ आवाज आला. मग नीलिमाने त्याच्या हातून फॉर्म घेतला, टाइप केलेल्या ओळीवर काट मारली, शेजारी आद्याक्षरं केली आणि मला म्हणाली, "सर, सांगा. मी लिहिते."

मी सांगितलं, ती लिहीत गेली: 'समारंभात रुग्णाला खोकला येऊ नये म्हणून त्याच्या फुप्फुसाभोवतीची पोकळी बंद करण्यात आली. त्यामुळे रुग्ण अपात्र ठरला. रुग्णाची उपचारास तयारी होती.'

इतकं सरळ मराठी मी पूर्वी लिहिलं नव्हतं. मोरेश्वरजींनी ते दोनदा वाचलं, 'तयारी होती' वर बोट टेकवलं आणि सही केली. मग नीलिमाने केली. कारकून म्हणाला, "ताई, तुमची नोकरी जाईन." ती म्हणाली, "पत्रिका वाटायले कोनाले पाठवतीन मंग?"

दुपारी ते दोघं मला वाडीला घरी घेऊन गेले. शकुंतलाबाईंनी पाटोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या आणि जाळ. अंगणात जुने पत्रे रचून ठेवले होते, ओल्या पोत्यांनी झाकलेले. दोन खोल्यांपैकी एकीवर नवा टिनाचा पत्रा चढला होता. समारंभ झाल्यावर मोरेश्वरजींना घरी सोडलं होतं, आणि रविवारी ते खाटेवर बसून पुतण्यांकडून पत्रे उतरवून घेत होते. "पानी मारा बे आधी, कोरडं हात लावू नोका," असं दिवसभर ओरडत होते म्हणे. तेवढा दम आता पुरत होता.

"दुसरी खोली कधी?" मी विचारलं.

"डॉक्टर किती दिवस देतीन त्याच्यावर."

"तेबी त्याहिलेच इचारा मंचावर चढून," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि माझ्या ताटात न विचारता रस्सा वाढला. ते दोघंही हसले. मला हसता आलं नाही, आणि त्यांनी ते माझ्या डोळ्यांतल्या पाण्यासकट तर्रीच्या खात्यावर टाकलं.

परत आल्यावर

फॉर्मची प्रत मी नीतिसमितीला रजिस्टर पोस्टाने पाठवली, आणि पोच आली. चौकशी होणार आहे. तिच्यासाठी एक समिती नेमली आहे, आणि विभागप्रमुख तिचे निमंत्रक आहेत.

गेल्या आठवड्यात नीलिमाचा फोन आला. नोकरी अजून आहे. मी विचारलं, मोरेश्वरजींच्या जागी कोणाला घेतलं? ती म्हणाली, अजून कोणालाच नाही. औषध देशात आणायची परवानगी यायची आहे. ही परवानगी उद्घाटनाच्या वेळीही आली नव्हती, पण अधिवेशन संपत आलं होतं. औषधासाठी आणलेला उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर मात्र तेव्हापासून चालू आहे. त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत नोंदवतात, आणि वहीवर विभागप्रमुखांची रोज सही होते. आत काही नाही.